रजोनिवृत्ती : एका उपचाराचा इतिहास आणि आपल्याकडचे मौन

मराठी लोकपरंपरेने मुलीच्या पहिल्या न्हाणाचा सोहळा केला. मखर सजवले, ओटी भरली, त्यासाठी गाणी रचली. त्याच देहाची पाळी जेव्हा कायमची थांबते, तेव्हा मात्र ना गाणे आहे, ना विधी. आपल्या भागात 'पाळी गेली' एवढे दोन शब्द पुरतात. ग्रंथांतल्या मराठीने त्यासाठी 'रजोनिवृत्ती' हा भारदस्त शब्द घेतला, पण 'निवृत्ती' म्हटले की आपल्या मनात प्रवृत्तीचा शेवट, विरक्ती, नोकरीतून मोकळे होणे असेच अर्थ उमटतात. पाळी थांबल्यावरही त्या बाईचे हृदय, हाडे आणि रक्तवाहिन्या यांना आणखी पंचवीस-तीस वर्षे काम करायचे आहे, हे या शब्दातून सुचत नाही.

साहित्याच्या अध्यापकांनी वैद्यकाच्या इतिहासात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा इतिहास जितका औषधांचा आहे तितकाच वाचनाचा आहे. एकच संहिता दोन पिढ्यांनी दोन टोकांनी वाचली, आणि दोन्ही वाचनांत वाचकाने एक साधा प्रश्न विचारायचा राहिला : ही स्त्री कोण, आणि तिचे वय काय?

सुश्रुताने स्त्रीचे रज बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीला थांबते असे नोंदवले, तेव्हा तो देहाचा क्रम सांगत होता, आजार नव्हे. युरोपात १८२१ मध्ये गार्दान या फ्रेंच वैद्याने 'मेनोपॉज' हा शब्द रूढ केला आणि या अवस्थेला वैद्यकीय नाव मिळाले. १९२९ मध्ये इस्ट्रोजेन वर्गातील पहिले संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे करता आले. १९४२ मध्ये गाभण घोडींच्या मूत्रापासून तयार केलेली 'प्रेमारिन' ही गोळी अमेरिकेत मान्य झाली. पुढची पायरी मात्र प्रयोगशाळेतली नव्हती, भाषेतली होती. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी 'फेमिनाइन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहून रजोनिवृत्तीला 'कमतरतेचा रोग' ठरवले. मधुमेहात इन्शुलिन, तसे स्त्रीला इस्ट्रोजेन, अशी ती उपमा होती. विल्सन यांच्या संस्थेला औषधकंपन्यांचे पैसे मिळत होते, ही गोष्ट वाचकांपर्यंत फार उशिरा पोचली. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसले, तेव्हा गर्भाशय असलेल्या स्त्रियांसाठी प्रोजेस्टिनची जोड देण्यात आली आणि गोळीचा प्रवास पुढे चालू राहिला.

हृदयाचा प्रश्न यात कसा आला? पुरुषांना हृदयविकार लवकर होतो आणि स्त्रियांना साधारण नऊ-दहा वर्षे उशिरा, हे निरीक्षण जुने आहे. म्हणजे इस्ट्रोजेनच स्त्रीचे रक्षण करीत असणार, असा तर्क झाला. गंमत अशी की त्या तर्काची पहिली मोठी परीक्षा पुरुषांवर झाली. अमेरिकेतील 'कॉरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देण्यात आले, आणि मोठ्या मात्रेच्या गटात झटके वाढू लागल्याने १९७० मध्ये ती मात्रा थांबवावी लागली. स्त्रियांबाबत मात्र आशा टिकून होती. ऑक्टोबर १९८५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासाने सांगितले की इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो. फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाने सांगितले की जास्त होतो. वैद्यकविश्वाने यांतला पहिला निष्कर्ष उचलला. गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या, नियमित तपासणी करून घेणाऱ्या असू शकतात, आणि बरे आरोग्य गोळीचे नसून परिस्थितीचे असू शकते, ही शंका मागे पडली.

तिचे उत्तर चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचण्यांतूनच मिळणार होते. १९९८ मध्ये 'हर्स' या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांना, संप्रेरकांचा एकंदर लाभ दिसला नाही. उलट पहिल्या वर्षी त्रास वाढला. मग जुलै २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची शाखा मध्येच थांबवण्यात आली. तीत १६,६०८ स्त्रिया होत्या. वृत्तपत्रांनी लिहिले की हृदयविकार २९ टक्क्यांनी वाढतो. तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत अशी : दहा हजार स्त्रियांनी वर्षभर गोळी घेतली तर हृदयविकाराच्या ३० ऐवजी ३७ घटना होतील. पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग प्रत्येकी आठने वाढतील, मांडीच्या खुब्याचे अस्थिभंग पाचने कमी होतील. दोन्ही विधाने खरी आहेत. पण पहिले ऐकून बाई गोळी फेकून देते, दुसरे ऐकून ती विचार करू लागते. जगभर लाखो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि एका अतिरेकाची जागा दुसऱ्या अतिरेकाने घेतली.

या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झाली होती. म्हणजे रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचल्यानंतर औषध सुरू झाले होते. २००७ मध्ये याच आकड्यांचे वयानुसार पुनर्वाचन झाले, तेव्हा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्यांमध्ये हृदयविकार वाढल्याचे दिसले नाही. वीस वर्षे उलटलेल्यांमध्ये धोका स्पष्ट होता. २०१६ च्या 'एलिट' चाचणीत, पाळी गेल्यावर सहा वर्षांच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांच्या मानेतील रोहिणीची भिंत कमी वेगाने जाड झाली. उशिरा सुरू केलेल्यांना तो लाभ नव्हता. २०१७ मध्ये मूळ चाचणीतील स्त्रियांचा अठरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला; एकूण मृत्यूंत गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या यांच्यात फरक नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील, हृदयविकारासह अन्य धोक्यांचे, चौकटीतले इशारे काढण्याची प्रक्रिया जाहीर केली.

म्हणून विल्सन यांचे पुस्तक पुन्हा खरे ठरले काय? मुळीच नाही. निव्वळ हृदय जपण्यासाठी संप्रेरके घ्यावीत, असे प्रमुख मार्गदर्शक सूचना आजही म्हणत नाहीत. साठीच्या आतील, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, अंगातून वाफा येणे आणि रात्री घामाने भिजणे यांनी हैराण झालेल्या स्त्रीसाठी ती सर्वांत परिणामकारक आहेत, एवढेच त्या म्हणतात. गोळीपेक्षा त्वचेवरची पट्टी किंवा जेल रक्ताच्या गुठळ्यांच्या दृष्टीने सुरक्षित दिसते. केवळ योनीच्या कोरडेपणासाठी तेथेच लावायचे मलम पुरते आणि ते रक्तात फारसे मिसळत नाही. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा गुठळ्या होऊन गेलेल्यांना सहसा संप्रेरकांविना उपाय शोधावे लागतात. त्यासाठी नैराश्यावरची काही औषधे थोड्या मात्रेत वापरतात. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले फेझोलिनेटंटही आहे, पण त्यात यकृताची तपासणी ठेवावी लागते. हृदयासाठी खरा आधार रक्तदाब, साखर, चरबी, तंबाखू आणि चालणे यांचाच. मिश्री लावणाऱ्या आपल्या बायकांना तंबाखूची गोष्ट वेगळी समजवावी लागते.

येथवरचा इतिहास अमेरिकी, शहरी, बहुतांशी गोऱ्या स्त्रियांचा झाला. आमचे लक्ष आता नांदेड-लातूरच्या शेजारी, बीडकडे वळते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी काढलेली' होती. दर सहा जणींत एक! अनेकींचे वय तिशी-पस्तिशीचे. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने मिळून एक 'कोयता' व्हायचे, खाडा झाला तर दंड भरायचा. फडात ना पाणी, ना आडोसा. अशा जगण्यात दर महिन्याची पाळी हे संकटच ठरते आणि 'पिशवीला गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल' या शब्दांनी बाई लवकर राजी होते. लातूर-नांदेडच्या डोंगराळ तालुक्यांतूनही माणसे ऊसतोडीला जातात, त्यामुळे हा केवळ बीडचा प्रश्न मानता येत नाही.

पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर त्या रात्रीच रजोनिवृत्ती येते. बीजकोश ठेवले, तरी ते पुष्कळदा काही वर्षे आधी थकतात. आधीच आपल्याकडे पाळी ४६-४७ च्या सुमारास जाते आणि दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतर जगापेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे लवकर येतो. अमेरिकेत मिनेसोटातील मेयो क्लिनिकच्या दीर्घ अभ्यासात, पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश गमावलेल्या स्त्रियांत हृदयरोगाने होणारे मृत्यू वाढलेले आढळले. ही वाढ मुख्यतः इस्ट्रोजेन न मिळालेल्यांमध्ये होती. अशा तरुण स्त्रीला, प्रतिकूल कारण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत, यावर तज्ज्ञांचे फारसे दुमत नाही. म्हणजे २००२ च्या भीतीने जिच्या हातून गोळी काढून घेण्याचे काही कारण नव्हते, ती हीच स्त्री. आणि जिच्या हाती ती कधी पोचलीच नाही, तीही हीच.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, त्या तीन महिन्यांत अमलात आणण्यास राज्यांना सांगितले. हे सारे शस्त्रक्रियेपूर्वीचे झाले. शस्त्रक्रिया होऊन गेलेल्या हजारोंच्या पुढच्या वीस-तीस वर्षांचे काय? त्यांच्या कागदावर बीजकोश राहिले की गेले, ही एक ओळ स्पष्ट लिहिलेली असणे, आणि वर्षातून एकदा रक्तदाब-साखर तपासली जाणे, हा काही महागडा उपचार नव्हे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दुसरे मत तेथे घेता येते.

आमच्या वर्गांत बसणाऱ्या अनेक मुलींच्या आया आज चाळिशीत आहेत. संदर्भ सोडून संहितेचे वाचन करू नये, हे आम्ही त्या मुलींना कवितेच्या बाबतीत शिकवतो. तोच नियम आईच्या कागदपत्रांनाही लागू आहे. 'हार्मोन्स चांगली की वाईट' हा प्रश्न सोडून त्यांनी तीन प्रश्न विचारावेत : पाळी कोणत्या वयात गेली, आपोआप गेली की शस्त्रक्रियेने, आणि बीजकोश आहेत का? उत्तराची सुरुवात तेथून होते.