बिनपाण्याचे बेट : पान्तेलेरिया

भूमध्य समुद्रातील बेटे म्हटली म्हणजे सिसिली, माल्टा, क्रीट ही नावे चटकन आठवतात. शाळेच्या नकाशात त्यांना जागा असते. परंतु सिसिली आणि आफ्रिकेतील ट्युनिशिया यांच्यामधल्या समुद्रात नीट पाहिले तर आणखी एक ठिपका दिसतो. त्याचे नाव पान्तेलेरिया. राज्य इटलीचे, पण सिसिलीचा किनारा येथून सुमारे १०० किलोमीटर, आणि आफ्रिकेचा सुमारे ७० किलोमीटर. म्हणजे नाते एकाशी आणि शेजार दुसऱ्याशी. क्षेत्रफळ अवघे ८३ चौरस किलोमीटर, वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. एवढ्याशा बेटाची कथा सांगण्याचे कारण असे की, तेथे नदी नाही, ओढा नाही, पिण्याजोग्या पाण्याचा वाहता झरा नाही, आणि तरीही माणूस तेथे हजारो वर्षे संसार मांडून राहिला आहे. पाण्याच्या कळशा भरून ज्यांची कंबर धरली आहे, त्या भगिनींना यातले कष्ट समजावून सांगावयास नकोत.

हे बेट ज्वालामुखीचे. जमीन काळी, किनारा काळ्या खडकांचा, मधोमध ८३६ मीटर उंचीचा डोंगर. जमिनीच्या पोटातली आग अजून पुरती विझलेली नाही. १८९१ साली किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी स्फोट झाला होता. आजही डोंगराच्या फटींतून वाफ निघते, आणि एका गुहेत तर लोक अंग शेकण्यासाठी जाऊन बसतात. उत्तरेकडे जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यात एक तळे आहे. त्यास ‘व्हीनसचा आरसा’ म्हणतात. काठाशी हिरवट, मध्ये गर्द निळे आणि कडेला ऊन पाण्याचे झरे. दिसावयास इतके सुंदर, पण त्यातले पाणी ना पिण्याचे, ना स्वयंपाकाचे!

अश्मयुगात येथल्या काळ्या काचेसारख्या दगडाची पाती दूरदूर जात. लोखंड नव्हते तेव्हा तीच सुरी आणि तीच विळी. पुढे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, मुर्सिया येथे लोकांनी तटबंदीचे गाव वसविले व मृतांसाठी दगडांचे मोठे घुमटाकार ढीग रचले. त्यांना ‘सेसी’ म्हणतात. सर्वांत मोठ्या सेसीच्या पोटात बारा दालने आहेत. मग कार्थेजचे लोक आले, रोमन आले. रोमनांनी या बेटाचे नाव कोसीरा असे लिहून ठेवले आहे. २००३ साली टेकडीवरच्या जुन्या टाक्यांत खणताना संगमरवरी मस्तके सापडली : एक ज्युलियस सीझरचे, एक टायटस बादशहाचे आणि एक अँटोनियाचे. ही अँटोनिया म्हणजे क्लॉडियस बादशहाची आई. राज्ये बुडाली, पण पाण्याच्या टाक्याने त्यांची तोंडे जपून ठेवली, याची मला मोठी गंमत वाटते.

त्यानंतर आलेल्या अरबांची छाप मात्र पुसली गेली नाही. खम्मा, गादिर, रेखाले, बुक्कुराम ही गावांची नावे अजून अरबी वळणाचीच आहेत. बेटाला ते ‘वाऱ्याची लेक’ म्हणत, असे सांगतात. ११२३ साली सिसिलीच्या नॉर्मनांनी बेट घेतले. पुढे स्पेनचा अंमल आला आणि सोळाव्या शतकात द्रागुत नावाच्या तुर्की सरदाराने गाव लुटून माणसे गुलाम म्हणून नेली. राजे बदलत राहिले; त्यांच्या सनावळ्या सांगत बसत नाही. मला सांगावयाचे आहे ते तेथल्या घरांविषयी.

या घराला ‘दाम्मूसो’ म्हणतात. काळ्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर बुटक्या घुमटांचे छप्पर. आपल्याकडे चुन्याचा कोबा चोपून घट्ट करीत, तशीच तेथे ज्वालामुखीची माती व चुना मिसळून गच्ची चोपण्याने चोपून काढीत. पावसाचा थेंब न् थेंब त्या घुमटांवरून उतरून पन्हळीने अंगणाखालच्या टाक्यात जातो. गच्ची पांढरीशुभ्र ठेवावयाची ती केवळ शोभेसाठी नव्हे. तेच पाणी पुढे वर्षभर प्यावयाचे असते. आपल्या गडांवर खडकात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही विद्या परकी वाटणार नाही.

शेतीचीही तीच तऱ्हा. वारा इतका की उभे झाड टिकत नाही. म्हणून द्राक्षवेल मांडवावर न चढविता खोल आळे करून त्यात लावतात आणि छाटून जमिनीलगत बुटका ठेवतात. या द्राक्षाचे नाव ‘झिबिब्बो’; अरबीत ‘झबीब’ म्हणजे मनुका, त्यावरून ते पडले. ऑगस्टात काही घड उन्हात वाळवून त्यांच्या मनुका नंतरच्या रसात घालतात व गोड मद्य करतात. ही लागवडीची रीत २०१४ साली युनेस्कोने जगाचा वारसा म्हणून मान्य केली.

दुसरे पीक केपरचे. ही झुडपाची न उमललेली कळी. उन्हाळ्यात सकाळी लवकर वाकून एकेक कळी खुडावयाची. उशीर झाला की फूल उमलते आणि माल फुकट. मग खडेमिठात मुरवावयाची, सुटलेले पाणी काढावयाचे, पुन्हा मीठ घालावयाचे. आषाढातल्या द्वादशीला आपण जिची भाजी करतो ती वाघाटी याच कुळातली. आपण फळ खातो, ते कळी खातात, एवढाच फरक.

दुसऱ्या महायुद्धात या शांत बेटावर मोठा प्रसंग ओढवला. मुसोलिनीने तेथे तोफा आणि डोंगराच्या पोटात विमानांचे कोठार केले होते. १९४३ च्या मे-जूनमध्ये दोस्तांच्या विमानांनी सहा हजार टनांहून अधिक बॉम्ब टाकले. बंदरालगतचे गाव जमीनदोस्त झाले. ११ जूनला इटालियन सेनापतीने शरणागती पत्करली, आणि कारण दिले ते पाणी संपल्याचे! त्यात खरे किती यावर वाद आहेत, पण दुसऱ्या कोणत्या बेटावर ते कारण इतके सहज पटले असते?

आता समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे तेथे बसली आहेत. २०१६ साली बेटाचा बराच भाग राष्ट्रीय उद्यान झाला. परंतु तरुण मंडळी पोटासाठी बाहेर जातात, पायऱ्यापायऱ्यांची शेते ओस पडतात, आणि चुन्यामातीवाचून रचलेले गडगे हळूहळू ढासळतात. एक दगड निखळला की पाठोपाठ दहा जातात आणि माती पावसाबरोबर समुद्रात. ते रचणारे हात कमी होत चालले, ही तेथली खरी चिंता आहे. असे गडगे रचण्याच्या कलेलाही २०१८ साली युनेस्कोने मान दिला; पण मानाने भिंत उभी राहत नाही, ती कोणीतरी दगड उचलूनच उभी करावी लागते.

या गडग्यांतला सर्वांत नवलाचा प्रकार म्हणजे ‘जार्दिनो’. जार्दिनो म्हणजे बाग, पण ही बाग एका झाडाची. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या एकाच झाडाभोवती पुरुषभराहून उंच गोल भिंत, आत जावयास एक लहानसे दार, वर उघडे आकाश. भिंत वारा अडविते, सावली धरते, आणि रात्रीचे दंव दगडांवर जमून मुळांशी उतरते. झाड भिंतीच्या वर डोके काढीत नाही. एका मद्य करणाऱ्या घराण्याने खम्मा येथील अशी एक बाग २००८ साली इटलीतल्या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. आत संत्र्याचे एकच जुने झाड आहे.