साबणाचे ड्रम

१९६७ सालचा मार्च सरत आलाय आणि तुम्ही इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर उभे आहात. समुद्राच्या आधी वास येतो, कच्च्या तेलाचा. लाट येते, पण फुटत नाही; तपकिरी, दाट सायीसारखी वाळूवर लोळते. तिच्यात पंख चिकटलेला एक पक्षी उठायचा प्रयत्न करतोय.

'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इथून दिसत नाही. कुवेतचं सुमारे १ लाख १९ हजार टन तेल घेऊन येताना ते १८ मार्चला सेव्हन स्टोन्सच्या खडकांवर चढलं. मिलफर्ड हेवन बंदराची भरती गाठायची म्हणून कप्तानाने जवळची वाट धरली होती. आता विमानं त्याच्यावर बॉम्ब टाकतायत. उरलेलं तेल जाळायचं म्हणे! नेपामही वापरून झालं. कित्येक बॉम्ब तर त्या अजस्र, हलू न शकणाऱ्या जहाजाला लागलेच नाहीत.

इकडे जवान खडकांवर डिटर्जंटचे ड्रम रिकामे करतायत. एकूण दहाएक हजार टन. ईस्टरचे पर्यटक येऊ लागलेत, किनारा स्वच्छ दिसायला हवा. सरकारला हातावर हात ठेवून बसणं परवडत नाही, हे मी समजू शकतो. पण जरा वाका. खडकाला चिकटलेला हा शंखवर्गीय लिंपेट एरवी सहजासहजी निघत नाही. फवाऱ्यानंतर मात्र नुसतं बोट लावा, गळून पडतो. ड्रम न पोचलेल्या खडकावरचा त्याचा भाऊबंद तेलासकट शेवाळ खरवडून खातोय.

आता वर्षभर पुढे या. तेल गेलंय, पण खडक हिरवेगार! शेवाळ चरणारे लिंपेटच मेले, मग ते माजणारच. आणखी काही वर्षांनी तपकिरी समुद्रवनस्पतींचं रान. त्याच्या आडोशाने लिंपेट परततात, इतके की सगळं फस्त करून उपाशी मरतात. ही घडी नीट बसायला दहा-पंधरा वर्षं लागली. प्लिमथचे सागरी शास्त्रज्ञ तेवढा काळ खडकांवर जाऊन मोजणी करत राहिले, म्हणून हे कळलं.

तेल कॉर्नवॉलमधल्याच गॉड्रेव्हीलाही लागलं होतं, पण तिथे डिटर्जंट मारला नाही. तो किनारा दोन-तीन वर्षांत सावरला. त्यामागे काही शास्त्रीय दूरदृष्टी होती असं समजू नका. तिथे सील राहतात आणि लोकांना त्यांची काळजी होती. लिंपेट त्यांच्या पुण्याईवर वाचले.