जुलाब आणि पाणी : डॉ. शंभुनाथ डे यांचं काम



आपलं उल्हासनगर मुळात निर्वासितांची छावणी. 1947 नंतर सिंधी कुटुंबं इथे उतरली. छावणी म्हटली की दाटी, पाण्याची ओढाताण आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची धास्ती. अंबरनाथ-बदलापूरच्या बैठकांत आम्ही अजून ऐकतो, ‘जुलाब लागलेत, पोराला पाणी देऊ नका.’ हे चूक का, ते डॉ. शंभुनाथ डे यांच्या कामातून कळतं.

डे यांचा जन्म 1915 साली बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यात झाला. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कोलकात्यात ओळखला होता. पण तो माणूस मारतो कसा, हे उलगडलं नव्हतं. डे यांनी कोलकात्यातच सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून आत जंतू सोडले. तुकडा पाण्याने फुगला. 1959 साली त्यांनी दाखवलं, की जंतू गाळून नुसता रस घातला तरी तेच होतं. म्हणजे जंतू आतड्यात विष सोडतो आणि ते विष अंगातलं पाणी ओढून घेतं. माणूस दगावतो तो पाणी आटल्याने.

1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं. साखरेसोबत आतडं मीठ-पाणी शोषून घेतं.

डे 1985 साली गेले. त्यांना मोठे मानसन्मान मिळाले नाहीत. आपण एवढं करूया : ओआरएसची पुडी घरात ठेवूया. नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोटघोट पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा. मूल मलूल झालं तर लगेच दवाखाना गाठा.