स्नूकर : द्यूत कीं समाह्वय ?

खेळांचा इतिहास हा इतिहासाच्या दरबारांत मानानें बसण्यास योग्य नाहीं, अशी एक समजूत आपल्याकडे अद्याप आहे. राज्यें, लढाया, तह आणि सनदा यांचा अभ्यास करणाऱ्यानें काठीचेंडूच्या एका खेळावर पानें खर्चावीं, हें पुष्कळांस हलकें वाटेल. परंतु लोक रिकाम्या वेळीं काय करतात आणि कशावर पैसा लावतात, यावरून समाजाची जितकी परीक्षा होते, तितकी त्याच्या सनदांवरून होत नाहीं. म्हणून आज आम्हीं स्नूकर हा विषय घेतला आहे. या खेळाचा जन्म आपल्याच जुन्या मुलुखांत झाला, आणि तो पैजेच्या पोटीं झाला. पुढें जें बालंट त्याच्यावर आलें तेंहि पैजेमुळेंच आलें. एकाच कारणानें जन्म आणि त्याच कारणानें ऱ्हास, हें कसें घडलें, तें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हें आम्ही उमरीस बसून लिहीत आहों. नांदेडहून मुदखेडमार्गें धर्माबादकडे जाणाऱ्या रेल्वेवरील हें गांव. भोंवतालचा मुलूख कापसाचा. स्नूकरचें नांव येथें कोणापुढें काढलें, तर त्याच्या डोळ्यांपुढें हिरव्या बनातीच्या टेबलापेक्षां टेलिव्हिजनचा पडदाच आधीं येईल. परंतु 'आंकडा' म्हणजे काय, हें मात्र कापसाच्या मुलुखास सांगावें लागत नाहीं. न्यूयॉर्कच्या कापूस-बाजारांतील उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्या भावांच्या आंकड्यांवर हजारों लोक पैसे लावीत. १९६१ च्या सुमारास ही सोय बंद पडली. तेव्हां मडक्यांतून चिठ्ठ्या आणि पुढें पत्त्यांच्या जोडांतून पानें काढून तोच जुगार चालूं राहिला व त्यास 'मटका' हें नांव पडलें. लावणाऱ्याच्या घामाचा, हाताचा किंवा डोळ्याचा त्या आंकड्याशीं कांहींएक संबंध नसे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिची गरज पडणार आहे.

पैजेसंबंधीं आपल्या पूर्वजांनीं एक सूक्ष्म भेद केलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तापासून द्यूताचा विचार आपल्या वाङ्मयांत आहे. परंतु मनूनें नवव्या अध्यायांत निर्जीव वस्तूंनीं खेळला जातो तो 'द्यूत' आणि सजीव प्राण्यांवर पैज लावून खेळला जातो तो 'समाह्वय', असे दोन वर्ग केले. फासे टाकणें हें पहिलें. कोंबडे, एडके झुंजविणें हें दुसरें. मनूच्या मतें दोन्हीं राजानें बंद पाडावीं. कौटिल्य अधिक व्यवहारी. त्यानें द्यूताध्यक्ष नेमला, फासे सरकारी ठेवले आणि जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच घ्यावे असें सांगितलें. दोघांच्या मतांतील अंतर मोठें असलें तरी, द्यूत आणि समाह्वय यांचें स्वरूप वेगळें आहे, ही जाणीव महत्त्वाची. आमच्या मतें स्नूकरचा सर्व इतिहास या दोन शब्दांत सांगतां येतो.

आतां जबलपूरकडे वळूं. हें शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोंसल्यांच्या अमलांत होतें. सीताबर्डीच्या लढाईनंतर तें इंग्रजांकडे गेलें, व १८६१ त मध्यप्रांताची स्थापना झाल्यावर पुन्हां नागपूर हीच त्याची राजधानी झाली. १८७५ च्या पावसाळ्यांत येथील छावणींत डेव्हनशायर पलटणीचे अधिकारी दिवसांमागून दिवस मेसमध्यें कोंडले गेले होते. बाहेर पाऊस, आंत बिलियर्डचें बारा फूट लांब व सहा फूट रुंद टेबल. परंतु बिलियर्ड हा तीन चेंडूंचा आणि मुख्यतः दोघांचा खेळ. दहापांच तरुण अधिकाऱ्यांचा वेळ त्यानें जाणार कसा? म्हणून त्याच टेबलावर ते दुसरे खेळ खेळत, आणि हे सर्व खेळ पैजेचे होते. 'पिरॅमिड' या खेळांत पंधरा तांबडे चेंडू त्रिकोणांत मांडीत आणि पाडलेल्या चेंडूंच्या हिशेबानें पैसे देत-घेत. 'लाइफ पूल' मध्यें प्रत्येकाचा रंग निराळा. प्रत्येकास तीन 'जीव', आणि आपला चेंडू कोणी पाडला कीं एक जीव गेला व ठरलेला पैसा पाडणाऱ्यास द्यावा लागला. 'ब्लॅक पूल' मध्यें त्यांत काळ्या चेंडूची भर पडली.

नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एकोणीस वर्षांच्या अधिकाऱ्यानें या खेळांचें मिश्रण केलें. तांबडे पंधरा ठेवले आणि त्यांस निरनिराळ्या किंमतींचे रंगीत चेंडू जोडले. आज तांबड्यास १, पिवळ्यास २, हिरव्यास ३, तपकिरीस ४, निळ्यास ५, गुलाबीस ६ आणि काळ्यास ७ गुण मिळतात. नांवाची कथाहि मेसमधीलच. वुलिच येथील सैनिकी विद्यालयांत नवशिक्या विद्यार्थ्यास 'स्नूकर' म्हणत. सोपा चेंडू हुकलेल्या सोबत्यास चेंबरलेननें त्याच नांवानें हिणविलें, आणि मग तो चिडूं नये म्हणून 'या खेळांत आपण सारेच स्नूकर आहों' असें म्हणून सारवासारव केली.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें जरा थांबलें पाहिजे. या हकीकतीचा मुख्य आधार स्वतः चेंबरलेनच आहे, आणि त्यानें ती 'द फील्ड' या पत्रास १९३८ च्या मार्चांत, म्हणजे त्रेसष्ट वर्षांनीं, कळविली. इतक्या काळानंतरच्या आठवणीवर किती भिस्त ठेवावी ? परंतु खेळाचा शोध वुलिचला लागला असा दुसरा पक्ष तेव्हां मांडला जात होता, त्यास उत्तर म्हणून हें पत्र लिहिलें गेलें. आणि कॉम्प्टन मॅकेंझी या लेखकानें १९३९ त या बाजूनें लिहिल्यावर जबलपूरचाच पक्ष सर्वत्र मान्य झाला. चेंबरलेन पुढें मद्रासचे सेनापति रॉबर्ट्स यांच्या पदरीं असतां उटकमंडच्या क्लबांत हा खेळ रुळला व १८८२ त तेथें त्याचे नियम लागले. १८८५ त जॉन रॉबर्ट्स हा प्रसिद्ध बिलियर्डपटु हिंदुस्थानांत आला असतां त्यास कलकत्त्यास कुचबिहारच्या महाराजांच्या पंक्तीस चेंबरलेनकडूनच नियम कळले, व त्यानें ते विलायतेस नेले. येणेंप्रमाणें मोसमी पावसांत जन्मलेलें हें पोर विलायतेस वाढावयास गेलें.

या जन्मकाळच्या पैजेचें स्वरूप कसें होतें, तें पहावें. पैसा लावणारा आणि काठी धरणारा हा एकच मनुष्य. हरला तर आपल्याच हातानें हरे, आणि ज्यास पैसे द्यावयाचे तो समोरच उभा असे. येथें हरण्यांत कोणाचाहि फायदा नाहीं. मुद्दाम हरणें ही कल्पनाच संभवत नाहीं. चेंडू निर्जीव, डाव स्वतःचा : हें शुद्ध द्यूत होतें. तें चांगलें होतें असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु त्यानें खेळ नासला नाहीं, उलट घडला.

आपल्याकडे हा खेळ प्रथम साहेबांच्या क्लबांत व संस्थानिकांच्या वाड्यांत राहिला. मुंबईचें जिमखाना १८७५ त, म्हणजे स्नूकरच्याच वर्षीं, स्थापन झालें आणि तें गोऱ्यांपुरतेंच होतें. आमचा मराठवाडा ज्या निजामी राज्यांत होता, त्याच्या राजधानींतील फलकनुमा महालांत बिलियर्डचें खास दालन होतें. सामान्य मध्यमवर्गाच्या वांट्यास मात्र या खेळाची केवळ दुष्कीर्ति आली. बिलियर्डच्या खोलींत जाणारा मुलगा म्हणजे हातचा गेलेला मुलगा, असें आमच्या लहानपणींहि घरोघर मानीत.

ही दुष्कीर्ति किती अन्यायाची होती, हें विल्सन जोन्स यांच्या उदाहरणावरून दिसतें. ते १९२२ त पुण्यांत जन्मले. १९५८ त कलकत्त्यास त्यांनीं हौशी खेळाडूंचें बिलियर्डचें जगज्जेतेपद मिळविलें. कोणत्याहि खेळांत वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू म्हणून त्यांची गणना होते. १९६४ त न्यूझीलंडमध्यें त्यांनीं तें पुन्हां जिंकलें. त्यांच्यामागून मुंबईच्या मायकेल फरेरा यांनीं १९७७, १९८१ व १९८३ त तोच मान मिळविला, आणि स्नूकरमध्यें ओम अग्रवाल १९८४ त डब्लिन येथें हौशी जगज्जेते झाले. पुण्यांतच जन्मलेले पंकज अडवानी यांनीं तर या दोन्हीं खेळांत मिळून दोन डझनांहून अधिक जागतिक किताब जोडले. ही परंपरा हौशी खेळाडूंची आहे.

विलायतेंत निराळें घडलें. तेथें खेळ हा धंदा झाला, आणि धंद्यास प्रेक्षक लागतो. बिलियर्ड या धंद्यांत बुडाला तो कौशल्याच्या अतिरेकानें : वॉल्टर लिंड्रम यानें १९३२ त एका दमांत ४,१३७ गुण केले. प्रतिस्पर्धी खुर्चींत बसला आहे आणि प्रेक्षक जांभया देत आहेत, असा खेळ कोण पाहणार ? स्नूकरमध्यें अनिश्चितता होती, म्हणून तो पुढें आला. १९२७ त व्यावसायिकांची पहिली जागतिक स्पर्धा जो डेव्हिस यानें जिंकली, तेव्हां त्यास मिळाले साडेसहा पौंड ! त्यानें १९४६ पर्यंत हें पद कधीं सोडलें नाहीं. मग याहि खेळास ओहोटी लागली आणि १९५७ ते १९६४ पर्यंत जागतिक स्पर्धा बंदच राहिली.

त्यास पुन्हां जीव दिला तो रंगीत टेलिव्हिजननें. बी. बी. सी. नें १९६९ त 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम सुरू केला. रंग दाखविण्यास स्नूकरइतका सोयीचा खेळ दुसरा कोणता? १९८५ त डेनिस टेलर व स्टीव्ह डेव्हिस यांचा अखेरचा डाव मध्यरात्र उलटल्यावरहि १ कोटि ८५ लक्ष लोक पाहत होते. खर्चाचा भार तंबाखूच्या कंपन्यांनीं उचलला होता. १९७६ पासून २००५ पर्यंत जागतिक स्पर्धेस सिगारेटचेंच नांव होतें. कायद्यानें ती जाहिरात बंद झाली, आणि २००६ पासून पुढें बरींच वर्षें त्या जागीं पैजा घेणाऱ्या पेढ्या आल्या. एक व्यसन गेलें आणि दुसऱ्यानें त्याची खुर्ची घेतली.

येथेंच द्यूताचें समाह्वय झालें. आतां पैसा लावणारा टेबलापाशीं नाहीं. तो हजार कोसांवर आहे. काठी दुसऱ्याच्या हातीं आहे. कोंबड्याच्या झुंजींत कोंबडा जसा पैज लावीत नाहीं, तसा येथें खेळाडूनें पैज लावावयाची नाहीं. त्यानें केवळ झुंजावें. परंतु कोंबड्यास हरण्याचे पैसे देतां येत नाहींत, मनुष्यास देतां येतात. हाच या बाजारांतला मूळ दोष. शिवाय अकरा जणांच्या संघास फितविणें कठीण; स्नूकरमध्यें एकच मनुष्य पुरतो. वरच्या थोड्यांस भरपूर मिळतें आणि खालच्यांस प्रवासखर्चाची विवंचना असते. अशा मनुष्यास कधीं कधीं जिंकण्यापेक्षां हरण्याची किंमत अधिक येते.

उदाहरणें हवींत तर आहेत. १९९५ च्या जागतिक स्पर्धेंत पीटर फ्रान्सिस्को १०–२ असा हरला. नेमक्या त्याच गुणफरकावर विलक्षण पैसा लागलेला आढळला, आणि गैरवर्तनाबद्दल त्यास पांच वर्षें दूर ठेवण्यांत आलें. २०१३ त स्टीफन ली यास बारा वर्षांची बंदी झाली. २०२३ च्या जूनांत चीनच्या दहा खेळाडूंस शिक्षा झाली. त्यांपैकीं लियांग वेनबो व ली हांग यांस जन्माची. २०२१ चा मास्टर्सविजेता यान बिंगताओ यास वयाच्या तेविसाव्या वर्षीं पांच वर्षें गमवावीं लागलीं. त्याच प्रकरणांत वीस महिने शिक्षा भोगलेला झाओ शिनटोंग २०२५ त जगज्जेता झाला, ही त्यांतल्या त्यांत सुदैवाची गोष्ट.

आपल्याकडे व्यावसायिक स्नूकरची लाट आली ती अल्पजीवी ठरली. २०१३ त दिल्लीस पहिली मोठी 'इंडियन ओपन' झाली आणि मुंबईचे आदित्य मेहता अंतिम सामन्यापर्यंत पोंचले. त्यानंतर मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टण आणि २०१९ त कोची, एवढ्यावर ती मालिका थांबली. आशियाई क्रीडास्पर्धांतूनहि २०१० नंतर हा खेळ वगळला गेला. खेळ दूर गेला. पण त्याच्यावरील पैज मात्र फोनच्या पडद्यावरून जवळ आली.

आमच्या कायद्यानें या प्रश्नाकडे निराळ्या बाजूनें पाहिलें. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ मोकळे सोडले, आणि १९९६ त सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यतहि कौशल्यांत बसविली. कौशल्य कीं नशीब, हा एकच प्रश्न विचारला गेला. परंतु कौशल्य कोणाचें, हें कोणी विचारलें नाहीं. शेफील्डच्या टेबलावर काळा चेंडू पाडण्यांत कौशल्य आहे यांत शंका नाहीं. पण तें काठी धरणाऱ्याचें. उमरींत फोन धरून बसलेल्या तरुणास तो चेंडू आणि न्यूयॉर्कच्या कापसाचा आंकडा यांत भेद काय ? २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें इंटरनेटवरील पैशाच्या खेळांविषयीं जो कायदा केला, त्यांत कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूस ठेवला आहे. कायदे करून व्यसन सुटतें असा आमचा भ्रम नाहीं, मटक्याचा इतिहास समोर आहे. तथापि प्रश्न योग्य ठिकाणीं विचारला गेला, एवढें मान्य केलें पाहिजे.

पालकांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. मुलगा स्नूकरच्या टेबलापाशीं उभा राहतो म्हणून घाबरूं नये. तेथें डोळा, हात आणि धीर यांची परीक्षा आहे, आणि विल्सन जोन्स तेथूनच मोठे झाले. टेबलापाशीं न जातां तो स्नूकरविषयीं फार बोलूं लागला, तर मात्र त्याच्याजवळ बसून विचारावें. जबलपूरच्या त्या अधिकाऱ्यांस हरण्यासाठीं निदान खेळावें तरी लागत असे.