स्कीच्या शाळेची कुळकथा

आमच्या काल्हेरच्या माणसाच्या ओळखीचा बर्फ मासळीच्या पेटीतला. स्की शिकायची ठरवली तर आजोबांना किंवा मामांना विचारावे, अशी सोय आपल्या घरांत नाही. पण स्कीची शाळा मुळात अशाच लोकांसाठी जन्माला आली आणि ठिकाण निवडताना तिची ही कुळकथा फार उपयोगी पडते.

नॉर्वेच्या टेलेमार्क भागात शाळेची गरजच नव्हती. तिथली पोरे चालायला लागली की घरच्यांच्या मागे स्कीवर घसरत. मॉर्गेडालचा सोंद्रे नुरहाइम (जन्म 1825) हा त्या घरगुती विद्येचा सर्वांत मोठा वारसदार. लवचिक बंधांनी टाच आवळून त्याने उडी आणि वळण दोन्ही साधले.

ही विद्या आल्प्सच्या खड्या उतारांवर जशीच्या तशी चालेना. ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डजवळ राहणाऱ्या माथियास झ्दार्स्कीने स्की आखूड केल्या, बूट स्कीला जखडणारे धातूचे मजबूत बाइंडिंग बसवले आणि 1896 च्या सुमारास आपली पद्धत पुस्तकात मांडली. मला त्याचे मोठेपण दिसते ते पुढच्या कामात. व्हिएन्नाहून येणाऱ्या शहरी माणसांना, ज्यांच्या घराण्यात कुणी कधी स्की पायात घातली नव्हती, त्यांना तो फुकट शिकवत असे.

त्यानंतर आला हानेस श्नायडर. 1907 मध्ये, जेमतेम सतरा वर्षांचा असताना, तो सांक्ट आंटोनच्या एका हॉटेलात पाहुण्यांना शिकवू लागला. त्याने शिक्षणाला पायऱ्या दिल्या आणि शिकणाऱ्यांचे कुवतीप्रमाणे वर्ग पाडले. पहिली पायरी स्नोप्लाऊची: स्कींची पुढची टोके जवळ, मागची लांब, गुडघे किंचित वाकलेले. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मोडतो. उजव्या पायावर भार दिला की माणूस डावीकडे वळतो. आधी थांबणे, मग वळणे, वेग शेवटी, असा हा क्रम. 1938 मध्ये नाझींनी श्नायडरला अटक केली; पुढच्या वर्षी तो अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला गेला आणि तिथे शिकवू लागला.

आपल्याकडे ब्रिटिशांनी 1927 मध्ये गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया काढला. स्वातंत्र्यानंतर लष्कराने तिथेच जवानांसाठी स्कीचे शिक्षण सुरू केले. आजचे हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल त्यातूनच वाढले. सामान्य नागरिकांसाठी गुलमर्गला सरकारी स्की संस्था आहे. मनालीची पर्वतारोहण संस्थाही स्कीचे अभ्यासक्रम चालवते आणि उत्तराखंडात औलीलाही स्की शिकवतात. पहिल्या दिवशी या ठिकाणी शिकवतात तो आजही स्नोप्लाऊच.

म्हणून ठिकाण निवडताना सर्वांत उंच शिखर कुठे आहे हे विचारू नका. नवशिक्यांचा सौम्य उतार कुठे आहे आणि त्यावर रोज शिकवायला कोण उभे असते, ते विचारा. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, अफरवत पर्वतावर जवळपास 3,900 मीटरपर्यंत नेतो. तिथला मोकळा बर्फ मुरलेल्या स्कीपटूंसाठी आहे, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. नवशिक्याची जागा खालच्या कुरणावर. एका दिवसाच्या फोटोपुरत्या धड्यात वळण अंगी मुरत नाही. सलग चार-पाच दिवस एकाच प्रशिक्षकाकडे द्या. बूट नीट बसल्याशिवाय उतारावर जाऊ नका, सैल बुटात पायाचा भार स्कीपर्यंत पोहोचतच नाही. हेल्मेट मुलांइतकेच मोठ्यांनाही हवे.

बर्फाचाही आता भरवसा राहिलेला नाही. 2025 मध्ये गुलमर्गची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावी लागली. तेव्हा तिकिटे काढण्याआधी संस्थेला फोन करा, शिकवण्याच्या उतारावर आज किती बर्फ आहे ते विचारा आणि तारखा पुढे-मागे करता येतील असेच आरक्षण घ्या.