नेसरीची एक ओळ

‘नेसरीची लढाई : २४ फेब्रुवारी १६७४ : प्रतापराव गुजर व बहलोलखान.’ स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत अशा ओळी पानोपानी असतात. राज्यसेवेची किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करणारा विद्यार्थी अशा शेकडो ओळी वहीत उतरवतो, पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. नेसरी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातले गाव. तिथल्या खिंडीत प्रतापरावांचे स्मारक आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातल्या शाळांतली मुले ते पाहून आलेली असतात. तरीही पुढे अभ्यासिकेत बसल्यावर त्यांच्याही हाती बहुधा तेवढी एक ओळच उरते.

ओळ पाठ करण्यात गैर काही नाही. पण ती कुठून आली, कोणी सांगितली, कशाच्या आधारावर मोजली, हे विचारले की तिचे रूप बदलते. या लेखात आपण नेसरीच्या या एका ओळीमागे थोडे जाऊ. त्याआधी, जिच्यासाठी ती पाठ केली जाते त्या परीक्षेचा इतिहास पाहू. कारण दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे.

परीक्षा कशी सुरू झाली?

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातील सनदी नोकऱ्या कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने मिळत. निवडलेली मुले इंग्लंडमधील हेलिबरी येथील कॉलेजात शिकून इकडे येत. १८५३ च्या सनदी कायद्याने ही शिफारस बंद केली व नोकऱ्या खुल्या स्पर्धेने द्यायचे ठरवले. परीक्षेची रूपरेषा आखण्यासाठी मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १८५४ साली आला आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली.

या समितीची गुणांची विभागणी वाचण्यासारखी आहे. एकूण गुण ६८७५. त्यांपैकी इंग्रजी रचना, साहित्य व इतिहास मिळून १५००, गणित १०००, ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, नैसर्गिक विज्ञान ५००. संस्कृत आणि अरबी या भाषांना मात्र प्रत्येकी ३७५. म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्याला संस्कृतपेक्षा ग्रीक येणे दुप्पट मोलाचे! परीक्षा सर्वांना खुली होती, पण कोणाच्या घरातले व शाळेतले ज्ञान मोलाचे धरायचे, हे गुणांच्या कोष्टकातच ठरून गेले होते. शिवाय परीक्षा फक्त लंडनला होई. ती हिंदुस्थानात घेतली जाऊ लागली १९२२ पासून.

या यादीत ‘सामान्य ज्ञान’ नावाचा विषय नव्हता. उलट, ज्याला एखाद्या विषयाची केवळ तोंडओळख आहे त्याला त्या विषयाचे गुण मुळीच मिळू नयेत, असे समितीने स्पष्टपणे म्हटले होते. विस्तार मोठा आणि खोली कमी अशा ज्ञानाला बक्षीस देण्याची समितीची इच्छा नव्हती. वरवरच्या पाठांतराविषयीची ही सावधगिरी स्पर्धा परीक्षेइतकीच जुनी आहे, हे आज घोकंपट्टीवर बोलताना लक्षात ठेवायला हवे.

एका वर्षाचा घोळ

ही परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय म्हणजे सत्येंद्रनाथ टागोर (१८६३). त्यानंतर १८६९ साली एकदम चार भारतीय उत्तीर्ण झाले: सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. पहिली दोन नावे आपल्या पुस्तकांत असतात. ठाकूरांचे नाव मराठी वाचकांनाही क्वचितच ठाऊक असते.

या चौघांपैकी बॅनर्जी आणि ठाकूर यांची नावे यादीतून काढून टाकण्यात आली. कारण वय. परीक्षेला वयाची कमाल मर्यादा २१ वर्षांची होती. बॅनर्जींचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ चा. म्हणजे १८६९ च्या परीक्षेच्या वेळी त्यांना विसावे पुरे होऊन एकविसावे चालू होते. पण १८६३ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या वेळी त्यांचे वय सोळा असे नोंदले गेले होते. लंडनच्या आयोगाने त्या सोळात पुढची वर्षे मिळवली आणि वय मर्यादेबाहेर गेले असे ठरवले.

घोळ कुठे झाला, हे आपल्या आजीला लगेच कळले असते. आपल्याकडे ‘मुलाला सोळावे लागले’ की वय सोळा सांगत. इंग्रजी पद्धतीत सोळा वर्षे पुरी व्हावी लागतात. चालू वर्ष आणि पुरे वर्ष यांतला हा फरक. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले, बॅनर्जींच्या बाजूने कौल लागला आणि बॅनर्जी व ठाकूर दोघांची नावे परत घेण्यात आली.

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की एकक लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. ‘लांबी ५’ असे लिहिले तर आपण गुण कापतो. वयाच्या आकड्यालाही मोजण्याची पद्धत जोडावी लागते, हे या दोन तरुणांना नोकरी जवळजवळ गमावून कळले. तारखेचेही तसेच आहे. आता नेसरीकडे वळू.

तारीख कोणत्या पंचांगाची?

मार्च १६७३ मध्ये मराठ्यांनी पन्हाळा घेतला. तो परत मिळवण्यासाठी विजापूरने बहलोलखानाला पाठवले. एप्रिलमध्ये उमराणीजवळ (आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात) सरनोबत प्रतापरावांनी त्याचे पाणी तोडून त्याला कोंडीत पकडले, पण सोडून दिले. शिवाजी महाराजांना हे रुचले नाही. खान पुन्हा चालून आला आणि नेसरीला प्रतापराव पडले.

हे कोणत्या दिवशी घडले? जेधे शकावली या जुन्या टिपणात तिथी मिळते: शके १५९५, माघ वद्य १४, म्हणजे महाशिवरात्र. ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. त्या तिथीचे इंग्रजी रूपांतर म्हणजे २४ फेब्रुवारी १६७४.

हे रूपांतर आपण वर्गात तपासू शकतो. राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६. तारीख ६ जून १६७४. माघ वद्य १४ ते वैशाख वद्य १४ हे तीन चांद्रमास. एक चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणून ८८.६ दिवस. तिथून ज्येष्ठ शुद्ध १३ पर्यंत चौदा तिथी. एक तिथी सरासरी ०.९८४ दिवसाची, म्हणून १३.८ दिवस. एकूण १०२.४. आता तारखा मोजा: फेब्रुवारीचे उरलेले ४, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे ६; बेरीज १०२. हिशेब जुळला. मध्ये अधिक मास नव्हता हेही त्यावरून कळले आणि शके १५९५ चे १५९६ कसे झाले, तर मध्ये गुढीपाडवा येऊन गेला. सातवी-आठवीच्या मुलाला हे गणित सहज जमते.

आणखी एक पायरी आहे. २४ फेब्रुवारी ही तारीख जुन्या, म्हणजे जुलियन पंचांगाची आहे. १५८२ साली पोप ग्रेगरीने पंचांग सुधारले. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारले, इंग्लंडने १७५२ साली. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे नेसरीची बातमी मुंबईच्या इंग्रजांनी लिहिली असती तर २४ फेब्रुवारी आणि गोव्याच्या पोर्तुगीजांनी लिहिली असती तर ६ मार्च अशी तारीख पडली असती. विजापूरच्या हिजरी गणनेत ते वर्ष १०८४ चे होते. वार मात्र सर्वांचा एकच, मंगळवार.

उत्तरे बदलतातही. शिवाजी महाराजांचा जन्म ६ एप्रिल १६२७ चा असे पूर्वीच्या पिढीने पाठ केले होते. जेधे शकावलीत आणि परमानंदाच्या शिवभारतात शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी मिळाली. त्यावर अनेक दशके वाद झाला आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी मान्य केली. ज्याने आधार समजून घेतला होता, त्याला नवे उत्तर वेगळे पाठ करावे लागले नाही.

सात जण, हे कोणी सांगितले?

नेसरी म्हटले की मराठी माणसाला सात आठवतात. ते प्रामुख्याने कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे. पण कविता विसाव्या शतकातली. मग सातचा आधार काय?

लढाईनंतर सहा आठवड्यांच्या आत, एप्रिल १६७४ मध्ये, नारायण शेणवी या इंग्रजांच्या दुभाष्याने मुंबईला पत्र पाठवले. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत सहा स्वारांसह प्रतापराव मारले गेले आणि बाकीच्या सैन्याची त्यांना साथ मिळाली नाही, अशी माहिती त्यात आहे. प्रतापराव आणि सहा, मिळून सात. याउलट, त्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत मोठ्या लढाईचे व पुष्कळ रक्तपाताचे वर्णन आहे, सात जणांचे नाही. एक पत्र घटनेला जवळचे, पण ऐकीव बातमीवरचे. दुसरे वर्णन राज्याच्या जाणत्या माणसाचे, पण वीसेक वर्षांनंतरचे. सहा स्वारांची नावे आज अनेक ठिकाणी वाचायला मिळतात, पण नारायण शेणव्याच्या पत्रात ती नाहीत.

यामुळे प्रतापरावांचे शौर्य कमी होत नाही. आपण मुलांना एवढेच दाखवतो की ‘सात’ या आकड्यालाही सांगणारा आहे, त्याचे ठिकाण आहे, काळ आहे. नेसरीची खिंड पाहिलेल्या मुलाला पत्रातील ‘अरुंद वाट’ लगेच कळते. तिथे इतिहासाचा आणि भूगोलाचा तास एकच होतो.

परीक्षेत याचा काय उपयोग?

‘हे सगळे ठीक आहे, पण परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो?’ विद्यार्थ्यांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर परीक्षेच्या गणितातच आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण व दोन तास असतात. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीच्या उत्तरासाठी त्यांतले एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.६७ वजा. काहीच माहीत नसताना अंदाजाने उत्तर दिले तर सरासरी किती मिळतात? चारांत एकदा २ मिळणार आणि तीनदा ०.६७ जाणार, म्हणजे बेरीज शून्य. एक पर्याय विचाराने बाद करता आला तर सरासरी ०.२२ गुण पदरात पडतो. दोन बाद करता आले तर ०.६७.

आता समजा, नेसरीच्या लढाईसाठी हे पर्याय आहेत: ५ सप्टेंबर १६७३, २४ फेब्रुवारी १६७४, ६ जून १६७४, २४ फेब्रुवारी १६८१. तारीख आठवत नाही, पण ती महाशिवरात्र होती हे ठाऊक आहे. मग सप्टेंबर आणि जून बाद. महाशिवरात्र हिवाळा सरताना येते. प्रतापरावांवर महाराज रागावले होते हे ठाऊक आहे आणि महाराजांचे निधन १६८० साली झाले. मग १६८१ बाद. उरलेले उत्तर आठवणीतून आले नाही, ते संबंधांतून आले. सुटी तारीख विसरली की हाती काही उरत नाही. ऋतू, सण, माणसे आणि ठिकाण यांना बांधलेली तारीख एका धाग्यावरूनही सापडते.

शिक्षकांसाठी सूचना

आठवड्याला सामान्य ज्ञानाची एकच ओळ घ्यावी. फळ्यावर लिहून मुलांना चार प्रश्न विचारावेत: हे प्रथम कोणी नोंदले? घटनेनंतर किती काळाने? मोजण्याची पद्धत कोणती? दुसऱ्या कशाशी ताडून पाहता येईल? ओळ इतिहासाचीच हवी असे नाही. ‘गावाची लोकसंख्या’, ‘तालुक्यातील सरासरी पाऊस’, ‘जिल्ह्यातील सर्वांत उंच शिखर’ या ओळींनाही हेच प्रश्न लागू पडतात. पाऊस कोणत्या केंद्रावर आणि किती वर्षांच्या सरासरीने मोजला, हे विचारणारा मुलगा जनगणना कोणत्या वर्षाची, हेही विचारू लागतो.

वर्षाला तीसेक ओळी होतील. मार्गदर्शक पुस्तकांतल्या हजारो ओळींपुढे ही संख्या लहान दिसेल. पण यांतले काही विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होऊन उद्या तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी होतील. त्यांच्या टेबलावर एखाद्या शेतकऱ्याच्या वयाचा, जमिनीचा किंवा पिकाच्या नुकसानीचा आकडा येईल. तो कोणी आणि कसा मोजला, हे विचारायची सवय तेव्हा त्यांच्या अंगी असली पाहिजे. श्रीपाद ठाकूरांच्या वयाच्या बाबतीत लंडनच्या अधिकाऱ्यांनी नेमके तेच विचारले नव्हते.