झपाटलेला (१९९३ चित्रपट): कथानकाची रचना
झपाटलेला हा महेश कोठारे दिग्दर्शित मराठी भयविनोदी चित्रपट आहे. पोलिसांच्या गोळीने मरणारा गुंड तात्या विंचू (दिलीप प्रभावळकर) मृत्युंजय मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. रामदास पाध्ये यांनी साकारलेला हा बाहुला पुढे शब्दभ्रमाची आवड असलेल्या लक्ष्याच्या (लक्ष्मीकांत बेर्डे) हाती येतो. सारे कथानक एका अटीवर उभे आहे: ज्याला हे गुपित सर्वप्रथम सांगितले, त्याच्याच देहात तात्याला शिरता येते. लक्ष्या खरे तेच सांगतो. पण बाहुल्यांना बोलते करू पाहणाऱ्या माणसावर विश्वास कोण ठेवणार? लोक त्यालाच वेडा ठरवतात. चाइल्ड्स प्ले (१९८८) या ज्या अमेरिकन चित्रपटावरून हे कथानक बेतले, त्यात बाहुल्याच्या तावडीत लहान मुलगा सापडतो; येथे त्याच्या जागी भाबडा तरुण आल्याने भीती विनोदाकडे झुकते. अखेरीस भुवयांच्या मधोमध गोळी लागूनच तात्याचा अंत होतो. झपाटलेला २ हा त्रिमितीय उत्तरभाग २०१३ साली आला.